दार लावणारा मेंबर

“हाऊसमधी असं नसते.” नोकरीच्या पहिल्याच दिवशी, गावात पाय ठेवल्यावर पाच मिनिटांच्या आत हे वाक्य माझ्या कानावर आदळलं, आणि पुढची साडेतीन वर्षं ते ऐकल्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही. आता माझी बदली मंचेरियलकडं झाली आहे. इथल्या ऑफिसात कुणी न विचारता आत घुसलं, की तेच वाक्य माझ्या तोंडून निघतं आणि समोरचा माणूस बघत राहतो.

गाव तेलंगणातलं, बेल्याच्या पलीकडचं, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. मी आदिलाबादची. घराणं मराठी, पण तीन पिढ्यांपासून नोकरीपेशातलं, आणि माझं शिक्षण तेलुगूतून. मराठी बोलणाऱ्या गावात तेलुगू कागद लिहायला अशी सेक्रेटरी बरी, असं वरच्यांना वाटलं असावं. स्कूटी लावून मी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढले, तर दारात एक म्हातारा उभा. भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. पाठ चौकटीला, हात कडीवर.

“पास?”

“कसला पास?”

“आत जाचा.”

“अहो, मी इथली नवी पंचायत सेक्रेटरी आहे.”

“थे बरोबर हाय. पास कोठी हाय? बिनापास आत, हाऊसमधी असं नसते.”

मी नेमणुकीचा कागद काढला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं, मग दार उघडलं आणि भिंतीला पाठ लावून बाजूला झाले. माझ्यासाठी इतक्या अदबीनं कुणी दार उघडल्याचं मला आठवत नाही. लग्नानंतर नवऱ्यानंही नाही.

हा ऑफिसचा शिपाई, असं मी धरून चालले. दोन दिवस त्यांना पाणी आणायला सांगितलं, खुर्च्या हलवायला लावल्या, एकदा तर झाडूही हातात दिला. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, हे सात नंबर वॉर्डाचे निवडून आलेले मेंबर आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेले तर काका म्हणाले, “हाऊसमधी पानी मेंबर मागते अन् आनते दरबान. मी दोनी हाय, मॅडम. तुमचं काई चुकलं नाई.”

काकांनी तीस वर्षं हैदराबादला विधानसभेत, म्हणजे त्यांच्या ‘हाऊस’मध्ये, लॉबीच्या दारावर नोकरी केली. एखाद्या विधेयकावर मत घ्यायची वेळ आली, की घंटी वाजायची. इकडंतिकडं चहा पीत बसलेले मेंबर धावत आत यायचे. घंटी थांबली की दारं लागायची, आणि मत पडेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. ते दार लावणं हे काकांचं काम. रिटायर होऊन गावी आले ते कोट, बूट आणि सगळं हाऊस बरोबर घेऊन. गावानं त्यांचं नावच हाऊसकाका ठेवलं. मीही इथं तेवढंच नाव सांगते.

त्यांना बसणं जमायचं नाही. आदिलाबादच्या बसमध्ये अर्ध्या सीटा रिकाम्या असल्या तरी काका पुढच्या दाराशी उभे. चढणाऱ्याला “आइए”, उतरणाऱ्याला “सलाम”. तामसीकडचा एक नवा कंडक्टर एकदा चिडला, की बाबा, तुम्ही माझं काम काऊन करून राह्यले? काका म्हणाले, “तुमी तिकिटं फाडा. दार मी पाह्यतो.” लग्नाच्या पंगतीत पहिला वरणभात पडला, की ते मांडवाच्या तोंडाशी आडवा हात धरून उभे राहायचे. वराचा मामा आला तरी सोडायचे नाहीत. म्हणायचे, “आता ही पंगत उठल्यावर.” दोन सोयरिकी त्यांच्यामुळं मोडता मोडता राहिल्या, असं लोक सांगतात. मी त्यातली एक डोळ्यानं पाहिली आहे.

घरी तर विचारूच नका. कुठलीही गोष्ट तीन वाचनांशिवाय मंजूर व्हायची नाही. पहिल्या वाचनात विषय मांडायचा, दुसऱ्यात कलमवार चर्चा, तिसऱ्यात मत. काकू मला एकदा अंबाडीची भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पंखा घ्याचा होता वं माय. यायचे तीन वाचनं झाले, तवापर्यंत उन्हाळाच बरखास्त झाला.” घरात दोन माणसं, म्हणजे मतं कायम बरोबरीत. मग निर्णय कोण देतं, असं मी विचारलं. “कोन देईन? पोळ्या मी करतो नं!” काकू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की भाजी मांडीवरून सांडली.

खरं सांगायचं तर सुरुवातीचं वर्षभर मला काकांचा मनस्वी राग यायचा. कारण त्यांनी माझं काम तिप्पट केलं होतं.

आमच्याकडची रीत अशी. मीटिंगच्या दिवशी मेंबर यायचे, ठरावाच्या वहीचं कोरं पान उघडून ठेवलेलं असायचं, त्याच्या तळाशी सगळे ओळीनं सह्या करायचे. मग चहा, मिरचीची भजी, पावसापाण्याच्या गप्पा, आणि मीटिंग बरखास्त. पुढं दोन दिवसांत सरपंच सांगतील ते मी तेलुगूत वरच्या कोऱ्या जागेत लिहायचं. ठराव आधी आणि सही नंतर हा उलटा प्रकार गावात कुणी पाहिलेलाच नव्हता. ज्यांना तेलुगू वाचता यायचं नाही त्यांना तर पान कोरं काय आणि भरलेलं काय, सारखंच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, हे कबूल करते. आधीच्या सेक्रेटरीनं मला चार्ज देताना हीच पद्धत शिकवली होती, आणि सोपी पद्धत शिकायला कोणाला वेळ लागतो?

काकांनी सही केली नाही. “पान कोरं हाय,” म्हणाले.

“मी नंतर लिहिते ना, काका.”

“मंग मीबी नंतरच सही करतो नं.”

आणि ते खरंच थांबले. सगळे गेले, भज्यांचे कागद मी गोळा केले, तरी हा माणूस कोपऱ्यात उभा. मी रागारागानं ठराव लिहिला. लिहून झाल्यावर म्हणाले, “वाचा.” वाचला. “आता मराठीत.” मराठीत सांगितला. मग खिशातून चष्मा काढून त्यांनी सही केली, ती अशी सावकाश, की माझी रस्सम खायची वेळ टळून गेली. दर महिन्याला हेच. सरपंच वैतागून म्हणायचे, “काका, गावाचं पंचायत हाय हे, तुमचं हाऊस नोहे.” काका म्हणायचे, “थेच तर सांगून राह्यलो. हाऊसमधी असं नसते.”

सरपंच माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. भला, घाईचा आणि भिडस्त. ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं असेल त्याचं त्याला पटलेलं असायचं.

काकांची एकच खंत होती आणि ती त्यांनी मला ऑफिसच्या पायरीवर बसून, म्हणजे मी बसून आणि ते उभ्यानं, सांगितली होती. “तीस वर्सं मत पडताना पाह्यलं, मॅडम. टॅक्साचं बिल, जमिनीचं बिल, नौकऱ्यायचं बिल. एका मतानं पडलेलं पाह्यलं, एका मतानं तरलेलं पाह्यलं. माझ्या हातानं एकबी मत पडलं नाई.” म्हणून तर ते वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले. आणि नशीब असं, की बिनविरोध निवडून आले! त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी मिळेना. शेजारच्या न्हाव्याला त्यांनी गळ घातली, की तू फॉर्म भर, पैसे मी भरतो. न्हावी म्हणाला, काका, मी पडलो तर लोक हसतीन अन् निवडून आलो तर तुमी रडान. पंचायतीतही कधी मत पडायचं नाही. सह्या आधीच झालेल्या असायच्या, मत कशावर घेणार?

आता मेंबरांबद्दल. सरपंच धरून नऊ जण. त्यांत चार बाया. पण मीटिंगला यायचे त्यांचे नवरे. चार नंबर वॉर्डाच्या बापूरावांना तर अख्खं गाव “मेंबरसाहेब” म्हणायचं. मी नोटीस काढायचे ती कांताबाईंच्या नावानं, घ्यायला यायचे बापूराव, खुर्चीवर बसायचे बापूराव, बोलायचे बापूराव. सहीपुरती वही घरी जायची आणि परत यायची. नवऱ्यांना बसू देऊ नका असा कागद वरून येऊन माझ्या कपाटात पडलेला होता. काकांनी लिंबाखाली एक बाकडं नेऊन ठेवलं होतं आणि दर मीटिंगला त्या चौघांना ते हात दाखवून सांगायचे, “प्रेक्षकायनं गॅलरीत बसाव.” ते चौघे हसायचे आणि आत येऊन पंख्याखालच्या खुर्च्या धरायचे.

अशात रस्त्यावरच्या जिनिंग मिलचा ठराव आला.

मिल जुनी. कापसाच्या हंगामात गावच्या पंचवीसेक बाया तिथं पट्ट्याजवळ बसून कापसातला काडीकचरा वेचायच्या. चार महिने हाताला काम. कांताबाई लग्न होऊन आल्यापासून जायच्या. मग मिल दुसऱ्या शेटनं घेतली, ठेकेदारानं बाहेरून मजूर आणले, आणि दोन हंगाम गावच्या बाया फाटकावरून परत आल्या. आता शेटला मिल वाढवायची होती. त्यांनी पंचायतीकडं अर्ज दिला, की इमारतीची पट्टी पाच वर्षं माफ करा, मिल गावाला रोजगार देईल. आणि पंचायतीचं जे उत्पन्न बुडेल, ते भरून काढायला गावाची घरपट्टी थोडी वाढवायची. असा पट्टीचा आणि रोजगाराचा मिळून एकच ठराव, ज्याला आमच्या कागदात तीर्मानम् म्हणतात. शेटच्या मॅनेजरनं तो तेलुगूत टाइप करूनच आणला होता. माझे कष्ट वाचावेत म्हणून, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाई ऑफिसात आल्या. आजवर मी त्यांना नीट पाहिलं नव्हतं. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

“मॅडम, थे तीर्मानम् मले वाचून दाखवा. मराठीत.”

मी वाचलं. पट्टी किती वर्षं माफ, कधीपासून माफ, घरपट्टी कधीपासून वाढणार, सगळं नीट होतं. रोजगाराची ओळ शेवटी आली आणि आली तशी संपली.

“आमचं नाव कोठी हाय याच्यात?”

“नाव नाही, बाई. गावाला रोजगार देऊ, एवढंच आहे.”

“मांगच्या सालीबी देऊच म्हनत होते. पट्टी माफ होईन थे पक्कं, घरपट्टी वाढन थे पक्कं, अन् आमाले काम मिळन थे वाऱ्यावर. असं काऊन?”

दारातून उत्तर आलं. काका अर्थातच तिथं उभे होते. “दुरुस्ती दे,” ते म्हणाले. “बिल पाडू नको. पाडलं तर शेट जाईन अन् कामबी जाईन. दुरुस्ती दे.”

त्या दुपारी मी काकांना पहिल्यांदा कामात पाहिलं. तीस वर्षं दारावर उभं राहून त्यांनी जे ऐकलं होतं ते सगळं बाहेर आलं. ठराव कसा फोडायचा, काय ठेवायचं, काय बदलायचं. कांताबाई सांगत होत्या, काका विचारत होते, मी मराठीतूनच लिहीत होते. शेवटी तीन वाक्यांची दुरुस्ती झाली. पट्टी एकदम पाच वर्षं माफ नाही, एकेक वर्षानं. ज्या हंगामात गावच्या बायांची नावं मिलच्या हजेरीला लागतील त्याच वर्षाची माफी, नाहीतर पुरी पट्टी. आणि घरपट्टी आहे तेवढीच राहील. वाचून झाल्यावर कांताबाईंनी कागदाखाली सही केली. त्यांनी वाचून केलेली ती पहिली सही असेल.

“पन मीटिंगमधी थे बसतीन,” त्या म्हणाल्या. ‘ते’ म्हणजे बापूराव. त्यांना मिलच्या गाठी वाहायला ट्रॅक्टर लावून देतो, असा मॅनेजरचा शब्द होता. “थे हो म्हनतीन अन् माझ्या वॉर्डाचं हो होईन.”

काकांनी दाराची कडी वरखाली करून पाहिली. कडीला तेल घालायला पाहिजे, एवढंच म्हणाले.

मीटिंग सकाळी अकराला. सरपंच, चौघं पुरुष मेंबर, चौघींचे चार नवरे आणि भिंतीकडच्या खुर्चीवर शेटचा मॅनेजर. आणि त्या दिवशी, गावच्या इतिहासात पहिल्यांदा, चौघी बायाही आल्या. कांताबाईंनी तिघींना घरोघरी जाऊन आणलं होतं. बसायला जागा नव्हती म्हणून त्या कपाटापाशी उभ्या राहिल्या. बाहेर लिंबाखाली मिलच्या कामाच्या बाया जमल्या होत्या.

मी ठराव वाचला, मराठीतही सांगितला. वही सह्यांसाठी पुढं सरकली तेवढ्यात काका म्हणाले, “अध्यक्ष महोदय, वार्ड नंबर चारची दुरुस्ती हाय.”

सगळ्यांनी बापूरावांकडं पाहिलं. बापूराव म्हणाले, “आमची काई दुरुस्ती-गिरुस्ती नाई.”

“कागद मॅडमजवळ हाय. मताले टाका.”

सरपंचांनी कपाळाला हात लावला. “काका, कायले ताणता? घ्या बावा मत. हात वर करा अन् मोकळे व्हा.”

काकांनी खिडकीतली शाळेची जुनी पितळी घंटी उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. बाहेरच्या बाया गप्प झाल्या. रस्त्यानं चाललेला बैलगाडीवाला थांबला. घंटी काही थांबेना. “मेंबर आत, बाकीचे भायेर,” काका घंटीच्या वरचढ आवाजात म्हणाले. “मत हाय. मेंबर आत, बाकीचे भायेर.”

नवरे हसले. बापूराव पाय पसरून म्हणाले, “मी मेंबरच हाय नं.”

“मॅडम,” काका म्हणाले, “मेंबरायची यादी वाचा.”

यादी माझ्यासमोर होती, शिक्क्याची. आजवर ती मी मोठ्यानं कधी वाचली नव्हती. सरपंच माझ्याकडं बघत होते, मॅनेजर बघत होता. मनात म्हटलं, बदली होईल, फार तर काय? आणि उभी राहून वाचायला लागले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. “वॉर्ड नंबर चार,” मी म्हटलं आणि कांताबाईंचं पूर्ण नाव घेतलं.

“हाजिर,” कपाटाजवळून आवाज आला.

असा आवाज, की बापूरावांनी पाय आखडून घेतले. पुढच्या तिघीही एकामागून एक हाजिर म्हणाल्या, शेवटची तर पदरातून. यादी संपली. त्या यादीत नसलेले पाच पुरुष पंख्याखाली बसलेले होते आणि ते सगळ्यांना एकदमच दिसले. मॅनेजर आधी उठला, त्याला कळतं केव्हा उठावं. मग तिघं नवरे. बापूराव शेवटी, तेही उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर. काकांनी त्यांना हात लावला नाही. नुसते असे वळले, की दारात त्यांच्याशिवाय कुणाला जागाच उरली नाही. “तीस वर्सं मंत्र्यायले थांबवलं बापूराव, तुमी तर घरचे हा,” म्हणाले. बापूराव मागं सरले. घंटी थांबली. दार लागलं, कडी लागली.

सरपंचांनी माणसं मोजली, परत मोजली.

“आठच काऊन?”

मग आम्हाला उमगलं. काकांनी दार बाहेरून लावलं होतं. तीस वर्षांची सवय! जन्मात कधी त्यांनी ते आतून लावलेलं नव्हतं.

मी दाराशी धावले. “काका, तुम्ही बाहेर राहिलात! तुम्ही मेंबर आहात!”

बाहेर कडी एकदा वाजली. मग अगदी हळू, “व्हय की वं माय.”

“कडी काढा, आत या. तुमचं मत आहे.”

मी मनातल्या मनात हिशेब केला होता. सरपंच आणि तिघं पुरुष एकीकडं, चौघी बाया दुसरीकडं. बरोबरी झाली तर सरपंचांचं जादा मत, म्हणजे कांताबाईंची दुरुस्ती मेली. काकांनाही हा हिशेब माझ्याआधी कळला असणार.

“मॅडम,” ते दाराआडून म्हणाले, “घंटी थांबली. दार लागलं. आता मी आत आलो तर बापूरावबी येतीन. मत घ्या.”

मला रडू आलं. रागही आला. जन्मभर वाट पाहून हातात आलेलं एकुलतं एक मत हा माणूस कडीसकट बाहेर घेऊन उभा होता, आणि आत यायला त्याला अडवणारं त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

सरपंच कांताबाईंकडं वळले. “सांगा बाई, काय थे तुमचं.”

कांताबाई पुढं आल्या. कागद बघितलाच नाही. “आमी भीक मांगून राह्यलो नाई,” म्हणाल्या. “शेटले माफी द्या. पन आमचे नावं लागतीन त्या साली द्या. इतकीच दुरुस्ती. अन् घरपट्टी वाढवू नका. मिल त्यायची, पट्टी आमी काऊन भराव?”

“दुरुस्तीच्या बाजूनं हात वर,” सरपंच म्हणाले.

कांताबाईंचा हात सरळ वर, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. दुसरीचा खांद्याइतका. तिसरीनं आधी दाराकडं पाहिलं, दार बंद होतं, मग हात उचलला. चौथीचा पदरातून निघाला. चार.

मी वहीत चार लिहिलं आणि पेन टेकवलं.

लिंबाजी म्हणून दोन नंबरचे मेंबर होते. गरीब माणूस, कापूस दरसाल त्याच मिलला घालायचा. मीटिंगमध्ये मॅनेजर समोर बसलेला असायचा आणि लिंबाजी त्याच्या मानेच्या हालचालीबरोबर मान हलवायचे. आजही त्यांनी सवयीनं भिंतीकडच्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. खिडकीकडं पाहिलं, ती काकांनी कधी लावून घेतली होती देव जाणे. लिंबाजींनी टोपी नीट केली, आणि टोपीवरनं हात खाली न येता वरच गेला.

“लिंबाजी?” सरपंच म्हणाले.

“माझी बायकोबी दोन साल फाटकावरून परत आली बावा,” लिंबाजी म्हणाले. “माह्या डोक्शाले ताप हाय रोज.”

पाच विरुद्ध तीन! मी आकडा लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली. कांताबाई मटकन खुर्चीत बसल्या. बापूरावांच्याच खुर्चीत, पंख्याखाली.

मी दार वाजवलं. काकांनी कडी काढली, दार उघडलं, आणि भिंतीला पाठ लावून बाजूला झाले. आम्ही एकेक करून बाहेर आलो. त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या खात्यात निकाल विचारायची रीत नव्हती.

“काका, मंजूर,” मी म्हटलं. “पाच-तीन.”

त्यांनी पहिल्यांदा बोटं मोजली. चार बाया, आणि पाचवा कोण? मग लिंबाजींकडं पाहिलं आणि त्यांना एक कडक सलाम ठोकला, बूट आपटून. मग कांताबाईंना. लिंबाखालच्या बायांना कळलं तसा तिथं जो गलका उठला तो मी कधी विसरणार नाही. कुणीतरी हलगी आणली, कुणी भज्यांची परात पळवली, आणि त्या बायांनी काकांना धरून गॅलरीच्या बाकड्यावर बसवलं. त्यांना पाठ टेकून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बापूराव दूर उभे राहून तंबाखू मळत होते. थोड्या वेळानं तेही भजी खायला आले. भजी बायकोनंच दिली.

ठराव वर गेला, मंजूर होऊन आला. शेटनं दोन दिवस कुरकुर केली आणि मग नावं मागवली, कारण एका वर्षाची माफी तरी कोण सोडतं? हंगामाला सव्वीस बाया कामावर लागल्या, त्यांत लिंबाजींची बायकोही. बापूरावांचा ट्रॅक्टरही लागला. आता ते सांगतात, की ती दुरुस्ती मुळात त्यांनीच कांताला सुचवली होती.

पण त्याच दिवशीचं राहिलं. गलका ओसरल्यावर काका वहीपाशी आले. ठराव मी त्यांच्यादेखत लिहिला, या वेळी खाली मराठीतही, आणि दोन्ही वाचून दाखवले. सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या. काकांच्या नावापुढं मी पेन धरलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, “काका, बाजूनं लिहिते. सहा-तीन. कुणाला काही कळणार नाही, आणि तुमचं मत तर तेच होतं.”

सरपंचही म्हणाले, “लिवा मॅडम, लिवा. माझी ना नाई.”

काकांनी चष्मा लावला. आपल्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. लोभ सुटला होता, चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाले, “मी आत होतो का?”

“नाही, पण...”

“मंग लिवा. गैरहजर.”

मी लिहिलं. मराठीत, माझ्या अक्षरात, शाईनं.

पुढच्या हंगामात हद्दीपलीकडच्या दोन गावांची माणसं आमच्याकडं आली. त्यांच्याकडंही मिल होती, त्यांनाही असाच ठराव करायचा होता. काका त्यांना ऑफिसात घेऊन आले, मला ती वही काढायला लावली, पान उघडायला लावलं. ती माणसं कांताबाईंची दुरुस्ती वाचायला वाकली, तर काकांनी त्यांचं बोट धरून खाली आणलं, सह्या ओलांडून, आपल्या नावापर्यंत.

“हे आधी वाचा,” म्हणाले. “हे मी हाय. गैरहजर.” आणि कोटाचं वरचं बटण नीट केलं. “दार बराबर लागलं होतं म्हनून.”